काकूचं सोवळं आणि हॉटेलची बोट

काकू पुन्हा गंगेत उतरली आणि बोटीतल्या मेमसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. माघाची थंडी. काकूचे ओठ निळे पडले होते. मी बोटीतच होते, पगारी.

मुलांनो, इंग्रजांच्या काळात मी बनारसच्या छावणीतल्या एका हॉटेलात गाइड होते. बालाजी घाटाच्या कडेला काही पायऱ्या होत्या. पहाटे तिथे आपल्या मराठी बायकांखेरीज कुणी फिरकत नसे. लहानपणी तिथे बसून मी पैलतीरावरचा सूर्योदय पाहायची. शिक्षण संपवून परतले, हॉटेलात लागले, तर आमच्या मॅनेजरने नेमकी तीच जागा लँडिंगला निवडलेली. लँडिंग म्हणजे बोट लावून पाहुण्यांना उतरवणं.

काकूचं सोवळं कडक. आंघोळ करून, तांब्या भरून घरी पोचेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. शिवलं, की पाणी ओतायचं आणि पुन्हा बुडी. काकांनाही सवलत नव्हती. पाहुण्यांनी शिवू नये म्हणून मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शिवून खात्री करून घेतली. मग रोजच खात्री होऊ लागली.

काकू खोकायला लागली. म्हणाली, "तुझ्या गोऱ्या सवाष्णींना आवर गं. नाहीतर उद्यापासून मी घरी नळाखाली बसते."

काकूने गंगा सोडायची म्हणजे फारच झालं. मी मॅनेजरकडे गेले.

"सर, तिथलं लँडिंग बंद करा."

"का? पाहुण्यांना तेच सर्वांत आवडतं. मी स्वतः येऊन त्या बाईंची समजूत घालतो."

दुसऱ्या दिवशी साहेब पॉलिश केलेले बूट घालून आला. वाकून त्याने काकूचा ओला हात धरला आणि हलवला. काकूने तांब्या उपडा केला.

"हा कोण?"

"माझा साहेब."

"त्याला सांग, सोवळं मोडणाऱ्यालाही बुडी मारावी लागते. कपड्यांसकट."

"काकू, असं कुठल्या शास्त्रात आहे?"

"मी सांगितलं ना आत्ता. तुला पगार कशाचा मिळतो?"

"तुमचं बोलणं त्यांना सांगायचा."

"मग सांग."

मी सांगितलं. साहेब हसला. पाहुणे हसले नाहीत. ते रीतिरिवाज बघायला एवढ्या लांबून आले होते. एका म्हाताऱ्या मडमेने छत्री मिटली. "रीत ती रीत. उतरा."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी सूर्योदयाकडे पाहिलं. तो एक पायरी उतरला. पुढच्या पायऱ्या शेवाळाने उतरवल्या. हॅट पुलाच्या दिशेने निघून गेली.

"नाक धरायला सांग त्याला," काकू म्हणाली आणि शेजारी स्वतः बुडी मारून, तांब्या भरून चालू लागली.

त्याच आठवड्यात लँडिंग बंद झालं. बोट न थांबता नदीच्या मधूनच जाऊ लागली. माझी नोकरी टिकली, कारण हॉटेलला दुसरी बाई गाइड मिळत नव्हती.

तेव्हापासून तक्रार घेऊन मी कुठल्याच साहेबाच्या ऑफिसात गेले नाही. साहेबालाच जागेवर बोलावलं, शक्यतो थंडीत.