करंगळीवरचं नाव

त्या हंगेरियन आजोबांचं नाव मी इथे लिहीत नाही. पेशंटचं नाव बाहेर काढायचं नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून अंगात मुरलंय. त्यांना मात्र त्या नावाचा भारी अभिमान. आखातातल्या आमच्या खैतान वस्तीतून बसने धडपडत ड्युटीवर पोचावं, बीपी घ्यायला जावं, तर आधी उजळणी ऐका! उजव्या हाताचं एकेक बोट मिटत ते सांगायचे : एक राजा, एक फुटबॉलपटू, एक शास्त्रज्ञ, एक संगीतकार. सगळे त्यांच्या देशातले, त्यांच्याच नावाचे. पहिल्यांदा नुसती करंगळी उभी राहिलेली पाहून मी लगबगीने युरिनल आणलं. आजोबा पोट धरून हसले. मग करंगळी मिटून म्हणाले, "आणि माझा मुलगा."

"आणि तुम्ही, बाबा?"

"हा हात कोणाचा आहे, सिस्टर?"

इथल्या राई नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला ते आले आणि अर्धांगाच्या झटक्याने आमच्या वॉर्डात येऊन पडले. डावी बाजू गेली होती. त्यांच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला फुलं देतात. बापलेकांचा दिवस एकच, आणि मुलगा नेमका त्याच दिवशी येणार होता. दाढी करून द्या म्हणून आजोबांनी माझं डोकं खाल्लं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी दुसरा झटका आला. इंग्रजी गेलं. उरली त्यांची भाषा, तिच्यातलं आम्हाला ओ की ठो कळेना.

तरी मी दाढी करून ठेवली. मुलगा फुलं घेऊन आला. आजोबांनी परक्या पाहुण्याकडे पाहावं तसं अदबीने पाहिलं, काहीतरी विचारलं. मुलाने नाव सांगितलं. तेवढं मला कळलं. आजोबांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, देवा, ओळखलं!

त्यांनी उजवा हात वर केला. अंगठा मिटला. मग एकेक करत तीन बोटं मिटली. मुलगा करंगळीकडे टक लावून बघत होता. म्हणजे ही उजळणी त्यालाही लहानपणापासून पाठ होती. मीही बघत राहिले.

आजोबा त्याच्याकडे पाहून छान हसले आणि थांबले. करंगळी तशीच उभी.

डाव्या हाताची लुळी बोटं रोज मीच एकेक करून मिटायचे, उघडायचे. पण हा उजवा हात होता. त्याला काहीच झालेलं नव्हतं.