बक्षीसपत्रानंतरचा डबा

आण्णांनी त्यांचं घर माझ्या नावावर करायचं ठरवलं, तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही. फोन केला आणि म्हणाले, "सोमवारी रजा टाक. आधार, पॅनकार्ड घे आन् वकीलबाईंच्याकडं ये." जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस. काट्यानं आकडा दाखवला की विषय संपला, असा स्वभाव.

मी त्यांची एकुलती एक. लग्न होऊन जयसिंगपूरला आले त्याला सतरा वर्षं झाली. आम्हाला मूल झालं नाही, आणि म्हणून आण्णा माझ्या घरी कधी जेवले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता ती कुणी पाळत नाही. आईनं तर पहिल्याच दिवाळीत माझ्याकडे दोन वेळा जेवून वर डबाही भरून नेला. आण्णा मात्र यायचे, खुर्चीत तासभर बसायचे आणि दुपारच्या एसटीनं उपाशीपोटी कोल्हापूरला परत जायचे. मी ते हसण्यावारी न्यायचे. हसण्यावारी नेण्याची मला सवयच झाली होती.

वकीलबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. राहतं घर पोटच्या लेकीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं. आईबापाकडून मिळालेल्या घरावर लेकीला आयकरही भरावा लागत नाही. पुढं मी ते विकलंच, तर नफा मोजताना आण्णांनी घर केलं तेव्हाची किंमत धरायची. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र केलंत तर शेवटपर्यंत घर तुमचंच राहतं, कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की परत घेणं अवघड. करायचंच असेल तर तुम्हा दोघांना हयातभर राहायचा हक्क आणि लेकीनं सांभाळ करायचा, अशी अट त्यातच लिहू. तशी अट असली तर तुम्हाला कायद्याचा आधार राहतो."

"लिहा की," मी लगेच म्हणाले.

"काय नको," आण्णा कडाडले. "द्यायचं तर मोकळ्या हातानं द्यायचं. दिल्यालं आन् वर अट कसली? पोटच्या पोरीकडनं लिवून घिऊ व्हय?"

शेजारी बसलेली आई काहीतरी बोलणार होती. पण तिनं नुसताच पदर सारखा केला. अट न घालताच दस्त नोंदवला गेला. बाहेर आल्यावर आण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या माघारी तुला कुणाफुडं हात पसरायला नको." मला भरून आलं. मूल नसलेल्या लेकीची काळजी त्यांना इतकी वर्षं पोखरत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

तीन आठवड्यांनी मी रविवारी माहेरी गेले. ओट्यावर आईच्या गरम भाकऱ्या होत्या, आणि आण्णा बाहेरच्या खोलीत, सोप्यात, खानावळीचा डबा उघडून बसले होते.

"हे काय?" मी आईला विचारलं.

"इचार तुझ्या बापाला," आई तव्याजवळनंच ओरडली. "दस्त झाल्यापास्नं खानावळीचं खातोय. पाणीबी शेजारनं आणतोय. मला वेड लागायचं ऱ्हायलंय!"

आण्णा मान वर न करता म्हणाले, "घर आता तुझं हाय. लेकीच्या घरचं कसं खायाचं?"

मी आधी खो खो हसले. मग एकदम डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "मला मूल नाही म्हणून घर दिलंत. आणि मला मूल नाही म्हणून त्या घरात घास खात नाही! आण्णा, तुम्ही मला घर दिलंय की तुमच्यापासून तोडलंय?"

त्यांचा हात डब्यातच थांबला. आई पदरानं डोळे पुसायला लागली. मी चप्पल घातली आणि तशीच निघाले. एसटीत बसल्यावर वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मालक आता मी, तेव्हा दोघांना हयातभर राहायचा हक्क मी वेगळा दस्त नोंदवून देऊ शकते. मी मसुदा करायला सांगितला आणि आईला फोनवर तसं कळवलं. पण मसुद्यानं बापाच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

गुरुवारी भर दुपारी दार वाजलं. आण्णा उभे होते. सदरा घामानं भिजलेला. आत आले ते नेहमीच्या खुर्चीकडे गेलेच नाहीत, सरळ स्वयंपाकघरात शिरून भिंतीला टेकून खाली बसले.

"भूक लागलीया," म्हणाले. "काय केलंयस?"

सकाळची मेथीची भाजी होती आणि दोन भाकरी. मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, पहिला घास बराच वेळ चावला.

"तिखट कमी हाय," म्हणाले. मग खाली बघतच, "त्यो ऱ्हायच्या हक्काचा कागद कर. आईनं सांगितलं. तू दिलास तर घीन."

दोन्ही भाकरी संपल्या. त्यांनी ताट पुढं केलं. "अजून एक दे की."

भाकरी उरलीच नव्हती. मी पिठाचा डबा काढला, आणि आण्णा रिकामं ताट मांडीवर धरून थांबले.