सासूबाईंचा गुरुजी हजीऱ्याच्या बसमध्ये

रमिलाबेन नसत्या, तर माझ्या सासूबाई नातीच्या बारशाला मुकल्या असत्या, आणि बायकोने मला सुरतेतल्या उधन्यातून थेट गावाला पाठवलं असतं! त्या कोण, ते सांगतो. आधी माझं शहाणपण ऐका.

मी सहावीतून शाळा सोडून सुरतेत लूमवर कापड विणायला आलो. (शाळेनेही फारसं अडवलं नाही.) यंदा सासूबाई खानदेशातून आमच्याकडे आल्या. त्यांची धाकटी मुलगी सुरतेतच कतारगामला बाळंतीण. पण कुणी नेल्याशिवाय जाता येईना. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "माले वाचता येवाले पायजे. बसनी पाटी वाचसू आनि एकटी जासू!"

"मी शिकवतो!" मी म्हणालो.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

रोज कामावरून आलो की वर्ग. सासूबाई असल्या हुशार, की चहाचा पुडासुद्धा वाचल्याशिवाय फोडेनात! मी गल्लीतून छाती फुगवून चालू लागलो.

बारशाच्या दिवशी बायको सकाळीच पुढे गेली. सासूबाई लाडवांचा डबा घेऊन निघाल्या, मी परीक्षक म्हणून मागे. बस आली. सासूबाई पाटीकडे बघतच राहिल्या.

"जवाईबापू, या अक्षरंसना डोकावर रेघच नही!"

मीही मान वर करून पाहिलं. पाटी गुजराती, आणि मी शिकवलं मराठी! बरं, गुजराती वाचता मलाही येत नव्हतं. (इतकी वर्षं मी सोबतचे चढले की चढायचो.) पण गुरुजीने हे कबूल कसं करायचं?

"कतारगाम!" मी ठणकावून वाचलं. "चढा!"

गर्दी एवढी, की कंडक्टर आमच्यापर्यंत पोचेना. बाहेर घरं संपली. धुराडी सुरू झाली.

"कतारगाम भलतंच बदलनं," सासूबाई म्हणाल्या.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "क्यां जवुं छे, भाई?"

"कतारगाम."

"अरे! आ तो हजीरा जाय छे!"

"माले तं कवाच समजनं व्हतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"जवाईले तोंडवर 'चुकनात' कसं म्हनू?"

त्या शेजारच्या बाई म्हणजे रमिलाबेन. हजीऱ्याला कामावर निघालेल्या, तरी आमच्याबरोबर उतरल्या. समोरच्या थांब्यावर बोटाने हवेत गुजराती 'कतारगाम' काढून दाखवलं, बस आल्यावर आम्हाला चढवलं, कंडक्टरला बजावलं. सासूबाईंना ती अक्षरं लगेच उमगली. मला नुसतं "हां हां" म्हणता आलं.

पोचलो तेव्हा पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या आणि माझी बायको दारात उभी होती. "बसच उशिरा उनी," सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. (जावयाची अब्रू!) मग भिंतीवर चिकटवलेली कागदी अक्षरं त्यांना दिसली. मराठी होती!

"आ... रो... ही," त्यांनी नातीचं नाव वाचलं, आणि पदर डोळ्यांना लावला. मीही तोंड फिरवलं.

रमिलाबेनचे उपकार मी एक दिवस नक्की फेडणार. त्यांना मराठी वाचायला शिकवणार! हे सासूबाईंना सांगितलं, तर जावयाचा मान पहिल्यांदाच विसरून त्या म्हणाल्या,

"का बरं? त्या बिचारीनी तुमनं काय वाईट करं?"