मोहोराचा डहाळा

फाल्गुन सरत आला की कडुनिंबाच्या मोहोराचा किंचित मधाळ, किंचित औषधी वास बागेच्या फाटकाबाहेरच मला गाठतो, आणि त्या वासात मी पुरती शिरते न शिरते तोच कुणाच्या तरी खिशातल्या मोबाइलमधलं भजन कानावर येऊन आदळतं. सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांचा मला राग येतो. पोट धरून खोटं खोटं हसणाऱ्या त्या मंडळाचा येतो, कबुतरांपुढे पोत्यानं ज्वारी ओतून पुण्य कमावणाऱ्यांचा येतो, आणि कॅमेऱ्यांची तोफेएवढी भिंगं घेऊन पाखरांच्या अंगावर धावणाऱ्यांचा तर सर्वाधिक. चाळीस वर्षं शाळेत मुलींना गप्प बसवलं. या बागेत माझं कुणी ऐकत नाही.

म्हणूनच यंदा मी त्या ढोलीविषयी कुणाला काही सांगितलं नाही. बागेच्या मागच्या भिंतीलगत, जिथं दुपारचं ऊन पिवळ्या पानांच्या सड्यावर मुकाट पडून असतं, तिथल्या जुन्या निंबाच्या खोडात राखी धनेशाची मादी स्वतःला कोंडून बसली होती. चिखल आणि विष्ठा यांनी तिनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं, आणि चोचीपुरती एक फट ठेवली होती. आत ती अंडी उबवते, पंखांतली मोठी पिसं गाळून टाकते, आणि पिलं वाढेपर्यंत तिचं सारं आयुष्य नराच्या येण्याजाण्यावर टांगलेलं राहतं. तो यायचा, गळ्यात साठवलेली उंबरं एकेक करून फटीतून आत द्यायचा. समोरच्या बाकावर बसून मी ते पाहत असे, आणि हे फक्त मला ठाऊक आहे या विचारानं मला जो आनंद होई, तो फारसा सात्त्विक नव्हता, हे आज कबूल करते.

पाडव्याच्या आदल्या सकाळी बागेचा माळी झारी घेऊन माझ्याशेजारी थांबला. फुलंब्रीहून पहिल्या एसटीनं येणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. "बाई, रोज काय बघता ओ तिकडं वर?" त्यानं विचारलं. त्याला सांगितलं की चार वाजेपर्यंत बागभर होणार, आणि उद्या इथं भिंगांची जत्रा भरणार, अशी माझी खात्री. "काही नाही," मी म्हणाले, आणि त्याचं लक्ष उडवावं म्हणून पुढे म्हणाले, "उद्या गुढीला मोहोरासकट डहाळा काढून ठेवा माझ्यासाठी." दरवर्षी पाडव्याला अर्धी बाग त्याच्याकडून डहाळे नेते. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो फाटकापाशीच माझी वाट पाहत उभा होता. एका हातात मोहोरानं लगडलेला डहाळा, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेला दस्तीरुमाल, आणि त्यातून बाहेर आलेली एक वाकडी, पिवळसर चोच. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"बघा बाई, कोण्या नालायकानं जित्ती कोंडली व्हती! चिखल थापून, चोच तेवढी भाईर. तुमच्यासाठी डहाळा काढाया शिडी लावली, तवा दिसली. खुरप्यानं फोडलं अन् काढली. पाडव्याला लई पुण्याचं काम झालं."

बागेत निंब चार आहेत. मोहोर यंदा ढोलीच्या त्या एकावरच होता.

मी त्याला अडाणी म्हणाले, खुनी म्हणाले, आणि पोट धरून हसणारे सगळे हसणं विसरून वळून पाहू लागले. तिला उडता येत नाही, तिची पिसं गळालीत, आत अंडी आहेत, हे सारं मी चारचौघांत, तारस्वरात त्याला शिकवलं. त्यानं ते खाली मान घालून ऐकलं, आणि माझा श्वास संपल्यावर एवढंच म्हणाला, "मग काल इचारलं तवा सांगितलं का नाय, बाई?"

शिडी मी धरली, वर तो चढला. मादीला त्यानं आत सरकवलं, झारीतल्या पाण्यानं माती कालवून बोटांनी फट ठेवत हलकेच लिंपण केलं. "हाय, हलतीया," तो वरून म्हणाला. दहाच्या सुमारास नर आला. चोचीत उंबर होतं. नव्या, ओल्या मातीकडे पाहत तो समोरच्या फांदीवर बसून राहिला, आणि उंबर न देताच उडून गेला. यंदा मी गुढीला डहाळा लावला नाही. तो बाकावरच राहिला.

आज सकाळी पाहिलं तर कुणी जवळ जाऊ नये म्हणून माळ्यानं झाडाभोवती सुतळी बांधली होती. त्याचं नाव नामदेव, हे मी काल शिडी धरलेली असताना विचारलं. तोवर चार वर्षांत गरज पडली नव्हती. नर पुन्हा त्याच फांदीवर होता, पुन्हा चोचीत उंबर. मी जिवाचा कान करून बसले होते, तेवढ्यात हसणाऱ्यांपैकी एक जाडजूड गृहस्थ, अत्तराचा उग्र भपकारा घेऊन, माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. खिशात भजन चालूच होतं. मला त्यांचा तितकाच राग आला, जितका नेहमी येतो.

"बाई, काय बघताय?"

'काही नाही' तोंडात आलंच होतं.

"आधी ते बंद करा," मी म्हणाले, आणि बाकावर थोडी सरकले.