पिंपाचं बारसं

वालेंट ह्रेश्चाक वाइनची पिंपं बनवायचा. ओकची फळी नाकाशी धरली की तिच्यात वाइन मुरेल की बिघडेल, ते तो सांगे. झागोर्येच्या द्राक्षमळ्यांत असा माणूस पीत नाही म्हणजे हलवायाला गोड चालत नाही म्हणण्यासारखं. पण वालेंट पीत नव्हता, याला बरीच वर्षं झाली होती. त्याआधी मात्र इतका प्यायचा की त्याच्या बायकोनं, यागित्सानं, एकदा ट्रंक भरून लेकीसकट माहेरची बस धरली होती.

मग दारू सोडवायला तो इस्पितळात राहिला, यागित्सा परत आली, आणि तो तिथून सुटल्यावर दोघं दर आठवड्याला क्लबात जाऊ लागली. दारू सोडलेल्यांच्या त्या क्लबात घरच्यांनीही यायचं अशी रीतच होती. तिथल्या नर्स नेवेन्काताईंनी एकदा समजावलं होतं, की मेंदूत आनंदाची दखल घेणारा एक कोपरा असतो. गरम जेवण, लेकराचं हसणं, पाठीवरचा हात, सगळं तिथंच पोचतं. दारू तिथं जाऊन एवढ्या मोठ्यानं ओरडते की तो कोपरा कान झाकून घेतो. मग बाकीचं काही ऐकू येत नाही, आणि दारूलाही रोज आणखी जोरात ओरडावं लागतं.

"कान परत उघडतात," ताई म्हणाल्या होत्या, "पण सावकाश. आणि दारूची हाक तो कोपरा कधीच विसरत नाही. नुसतं बूच वाजलं तरी उठून बसतो."

वालेंटला हे पटलं, कारण सुरुवातीला खरोखरच सगळं बेचव झालं होतं. यागित्सा रविवारी श्त्रुक्ले करायची, पातळ पोळीच्या गुंडाळीत ताजं चीज, वर साय, भट्टीत खरपूस भाजलेले. तो पुठ्ठा चावल्यासारखे चावायचा आणि छान झालेत म्हणायचा. तिला कळायचं, तरी ती आणखी एक वाढायची. मग एका रविवारी घास तोंडात गेला आणि तो थबकला. तिला वाटलं, केस निघाला की काय.

"आज काय घातलंस यात?" त्यानं विचारलं.

"नेहमी घालते तेच."

त्या दिवशी त्यानं अख्खा ट्रे संपवला. लेकीला तुकडाही उरला नाही म्हणून यागित्सानं त्याला यथेच्छ झापलं, आणि झापता झापता डोळे पुसले.

एका गोष्टीची हळहळ मात्र राहिली होती. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी, तिथं नव्या द्राक्षरसाचं बारसं करतात. तोवर तो नुसता रस, बारसं झालं की वाइन. गावातलाच कुणी कागदाची टोपी आणि पडद्याचा झगा चढवून बिशप होतो, रसाला त्याची पापं विचारतो, लोकांना हसवतो आणि शेवटी पहिला पेला स्वतः रिकामा करतो. वालेंटसारखा बिशप गावच्या टेकडीनं पाहिला नव्हता. त्यानं सोडल्यापासून पोस्टमन ते काम करायचा, कागदावरून वाचून, आणि लोक जांभया द्यायचे.

यंदा बारसं रोकच्या तळघरात होतं. रोक हा वालेंटच्या लेकीचा धर्मपिता, बाप्तिस्म्यात बाळाची जबाबदारी घेणारा, म्हणून दोघं एकमेकांना कूम म्हणत. तो आग्रह करायला आला, म्हणाला, पिंप तुझ्या हातचं आहे, मग बारसं दुसऱ्या कुणी का करावं. तो गेल्यावर यागित्सानं ताटं आवरता आवरता विचारलं, "तुला झगा हवाय की पेला?"

वालेंटनं प्रामाणिकपणे विचार केला. "मला झगा हवाय. पेला याला हवाय," त्यानं कपाळावर टिचकी मारली. "पण याला विचारतंय कोण?"

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, तरी पडद्याला इस्त्री तिनंच केली.

तळघर खचाखच भरलं होतं. बिशप वालेंटनं पिंपाला दरडावलं, गेल्या साली पोस्टमनला गटारात कुणी लोळवलं? बाळाच्या, म्हणजे रसाच्या, वतीनं त्या दिवशी त्याचा धर्मपिता झालेल्या रोकनं मान खाली घालून कबुली दिली. पोस्टमनसुद्धा पोट धरून हसला. मग रोकनं पिंपाचं बूच काढलं.

वास आला. वालेंटच्या तोंडाला पाणी सुटलं. उठलास का, तो मनातल्या मनात त्या कोपऱ्याला म्हणाला, बस तिथंच.

रोकनं भरलेला पेला पुढं केला. "घे, कूम. ही काही दारू नाही, घरची आहे. द्राक्षं आणि ऊन, दुसरं आहेच काय यात?"

तो मनापासून बोलत होता. त्या टेकडीवर सगळ्यांचीच तशी समजूत, की दुकानातली ती दारू, आपल्या मळ्यातली ती नव्हे. आणि चारचौघांत कूमचा पेला नाकारणं म्हणजे त्याच्या मळ्याचाच पाणउतारा. यागित्सानं बसल्या जागी स्कार्फचं टोक मुठीत धरलं.

वालेंटनं पेला घेतला, दिव्यासमोर धरून रंग पाहिला.

"कूम, माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला तू होतास ना?"

"होतास काय? मीच धरलं होतं तिला."

"मग पाणी शिंपडून झाल्यावर फादरनं तिला खाल्लं का रे?"

मग मागून म्हाताऱ्या त्रेझाआजीचा आवाज आला, "अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं आपले बिशप लेकरं खात होते की काय." तळघर हास्यानं दणाणलं.

"बिशपनं नाव ठेवायचं," वालेंट म्हणाला, "आणि बाळ धर्मपित्याकडं द्यायचं." पेला त्यानं रोकच्या हातात ठेवला.

रोकचं तोंड जरा पडलंच होतं, पण एवढे लोक हसत असताना रुसून राहणं त्याला जमेना. तो प्यायला, टाळ्या पडल्या. मग वालेंटच्या कानाशी येऊन त्यानं हळूच विचारलं, अगदी थेंबभरसुद्धा नाही?

"थेंबानंच डोक्यातला तो कोपरा जागा होतो, कूम. त्यात तुझा थेंब एवढा चांगला, तोच घोटाळा आहे."

हे मात्र रोकला एकदम पटलं. रात्रभर तो भेटेल त्याला सांगत सुटला, की माझी वाइन इतकी भारी, कूम तिला घाबरतो. आणि वालेंटच्या पेल्यातलं सोड्याचं पाणी संपलं की तोच धावत जाऊन भरून आणत होता.

यागित्सानं नवऱ्यापुढं या सणाला भाजतात त्या पाळीव हंसाची ताटली ठेवली. त्याची टोपी तिरपी झाली होती, झग्यावर हंसाची चरबी सांडली होती. कसं झालंय, तिनं विचारलं. तोंड भरलेलं असल्यामुळं त्याला बोलता येईना. तिच्या ताटलीकडं बोट दाखवून त्यानं खुणेनंच विचारलं, तू ते सगळं खाणार आहेस का?