जन्माचा उपास

आमच्या वहिनीनं मनावर घेतलं असतं, तर जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून गहू हे पीक कायमचं उठलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नशीब आमचं की तिनं आपल्या एका घरापुरतंच समाधान मानलं. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, आमच्या दादाची बायको. माहेर पिंपळवंडीचं, शिक्षण बारावी, उंची बेताची, आवाज मात्र बांधापलीकडच्या माणसाला हातातलं काम टाकून उभं करेल असा. बोरी बुद्रुकला आमची दोन घरं एकाच बांधाला लागून आहेत. बेल्ह्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. नाना तऱ्हेची यंत्रं मी उघडून पाहिली, पण वहिनीसारखं न तापता अखंड चालणारं काही माझ्या टेबलावर आजवर आलेलं नाही.

ही सगळी कथा सुरू झाली ती नव्वदच्या दशकात, दादाची थोरली मुलगी मनी हिच्या पोटापासून. पोरीचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. खाल्लेलं अंगी लागेना. नारायणगावचे डॉक्टर झाले, झाडपाला झाला, दृष्ट काढून काढून घरातल्या मिरच्या संपल्या. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही, गहू जन्मभर बंद. दादानं भीत भीत विचारलं, "थोडा बी न्हाई का?" त्या म्हणाल्या, "कणभरही नाही." दादानं या वाक्याचा अर्थ 'शक्यतो नको' असा घेतला. वहिनीनं मात्र 'कण' हा शब्द घेतला आणि त्या दिवसापासून ती कणाच्या मागे लागली.

घरातले गहू गेले. मग तिच्या लक्षात आलं, की गावच्या गिरणीत आपल्या बाजरीच्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतो. म्हणून गिरण गेली. मग बाजरी घरच्या जात्यावर दळायला घेतली, तर सूप आडवं आलं. त्याच सुपात सासूबाईंनी आयुष्यभर गहू पाखडलेले. सूप जाळलं, जातं धुतलं, आणि तरी मन मानेना तेव्हा वहिनीनं ज्वारी, बाजरी, तांदूळ अशा धान्याच्या अख्ख्या खानदानालाच उंबऱ्याबाहेर काढलं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, भात चालेल हिला." वहिनी म्हणाली, "बघू." ते बघणं आजतागायत चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी बाहेरचं गोड टाळा असंही सांगितलं होतं, तर वहिनीनं साखर आणि गूळही बंद करून टाकले. आता गंमत बघा, दादाचा सगळा ऊस. घराच्या तिन्ही बाजूंना उसाचं रान, हंगामात साखर कारखान्याच्या गाड्या दारातून जाणार, आणि आत चहा मागितला तर बिनसाखरेचा. मी एकदा खिशात साखरेची पुडी घालून गेलो. चहा ओठाला लावायच्या आत वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसूनच म्हणाली, "भावजी, खिसा बाहेर ठिवून या." तेव्हापासून ओट्यावर एक टोपली आली. पाहुण्यांनी चपला काढायच्या आणि बिस्किटं, गोळ्या, पेढे टोपलीत ठेवून आत यायचं. एकदा वहिनीचा सख्खा भाऊ शेवेची पिशवी घेऊन आत शिरला, तर त्याला परत पाठवून हात कोपरापर्यंत धुवायला लावले. त्या घरात सोयरेपण हातपाय धुतल्यावरच सुरू व्हायचं.

पण पोरांना खाऊ तर हवाच. मनीच्या पाठचा बंडू धडधाकट होता, त्याला दगडही पचले असते, पण नियम दोघांना एकच. मग वहिनी राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळी, शेंगदाण्याचं कूट आणि खजूर एवढ्या भांडवलावर बेकरी काढायला बसली. दादानं पुण्याहून ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणून दिला. पण आमच्याकडची वीज ही आल्या-गेल्या पाहुण्यासारखी. अर्ध्या फुगलेल्या केकवर ती निघून जायची. वहिनीनं ओव्हनमध्ये कांदे ठेवले, कुकडी नदीची वाळू चाळून, धुऊन, वाळवून मोठ्या पातेल्यात भरली, ते चुलीवर चढवलं आणि त्यात केकचा डबा ठेवून वर झाकण मारलं. पहिल्या पहिल्या मालाबद्दल न बोललेलं बरं. शिंगाड्याचं एक बिस्कीट मी दाताखाली धरलं आणि दाताच्या काळजीनं तसंच परत काढलं. दादानं दोन बिस्किटं ट्रॉलीच्या चाकाखाली लावली होती, ट्रॉली जागची हलली नाही. पण वहिनी हटली नाही. कूट किती, अंडी किती, वाळू किती तापवायची, रोज एकेक गोष्ट बदलून बघत राहिली. आणि एका सकाळी रताळ्याचा तांबूस केक असा वर आला, की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी तो खाल्ला आणि पुडीतली साखर आठवली नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडे नाही.

शाळेचं प्रकरण त्यानंतरचं. मनी पहिलीत गेली. डबा घरचा, पाणी घरचं. पण शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं मायेनं आपल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा तिच्या तोंडात घातला. पोरगी नारायणगावच्या दवाखान्यात आठवडाभर सलाईनवर. अंगावर उरलंसुरलं होतं तेही गेलं. घरी आणली त्या दिवशी वहिनी म्हणाली, "शाळा वाईट न्हाई भावजी. पोरं चांगली हायेत, ह्योच घोळ हाय. चांगली पोरं वाटून खात्यात." आणि तिनं शाळा घरात आणली.

अशी शाळा मी पाहिली नाही आणि पाहणारही नाही. परातीत राजगिऱ्याचं पीठ पसरायचं, त्यात बोटानं अक्षरं गिरवायची, चुकलं की परात हलवायची. अपूर्णांक वाटीनं. शिवनेरी खजुराच्या गोळ्याचा, आणि धडा झाला की तो खाऊन टाकायचा. घड्याळ दादाच्या मनगटावर शेतात गेलेलं असे, म्हणून केक पाढ्यांवर भाजायचा. झाकण मारलं की दोघांनी बेपासून सुरू करायचं, तिसापर्यंत आले की केक तयार. वाटेत कुणी अडलं तर वहिनी पुढचं सांगायची नाही आणि झाकणही काढायची नाही. सतराच्या पाढ्याला मनी हटकून अडायची. बांधापलीकडे आम्हाला करपल्याचा वास आला की बायको म्हणायची, "आली वाटतं सतरावर." पुढे आसपासच्या मळ्यांतही हेच म्हणणं झालं. गावातले हेडगुरुजी दर जूनमध्ये पोरांना शाळेत घाला म्हणून सांगायला येत, ओट्यावर टोपलीत पेपरमिंट ठेवून आत बसत, पोरांचे पाढे ऐकत आणि रुमालात केक बांधून परत जात. वर्षाच्या शेवटी परीक्षेला तेवढी पाठवा, एवढंच म्हणत.

वहिनीचा पोरांना एकच मंत्र होता, स्वतः पारखल्याशिवाय काही खरं मानायचं नाही. आणि नेमकं तिच्याच पोरीबद्दल गावानं काहीही न पारखता एक गोष्ट खरी मानून टाकली. राजगिरा, शिंगाडा, रताळी आणि शेंगदाणे हे आमच्याकडे काय आहे? उपासाचं खाणं. मग जी पोरगी बारा महिने तेच खाते, तिच्यापायी कुणीतरी देवाला नवस बोललेला असणार, हा जन्माचा उपास असणार. केकात अंडी पडतात, हे मात्र सोयीनं कुणी विचारात घेतलं नाही. वहिनीला हे ऐकलं की संताप यायचा. खोटं तिला साखरेपेक्षा जास्त वर्ज्य. तिनं एक टर्किश टॉवेल आणि एक झिजलेलं फडकं कायम हाताशी ठेवलं होतं. जो कोणी उपासाचं काढील त्याला बसवून ती सांगायची, "चांगलं आतडं ह्या टावेलावानी आसतं, लव आसलेलं. गहू गेला की मनीच्या आतड्याची लव झडती, ह्या फडक्यावानी व्हतं. मग अन्न निसटून जातं. कळलं का?" शेजारच्या मळ्यातली ठकूआजी हे नेहमी मन लावून ऐके. आजीच्या घरची मेंढरं आता थोडीच उरली होती, पण तिचा हातातल्या काठीवरचा भरवसा तसाच होता. ती टॉवेलावरून हात फिरवी, फडक्यावरून हात फिरवी, मान डोलावी आणि शेवटी म्हणे, "म्हंजी लई कडक उपास हाय."

मनी नऊ-दहा वर्षांची झाली तशी एक नवीन अडचण उभी राहिली. घरच्या शाळेत चौथीपर्यंतचं सगळं झालं होतं. मनी ओट्यावर बसून शाळेतून येणाऱ्या पोरींकडे बघत राहायची. काही मागायची नाही, नुसती बघायची. वहिनीला ते दिसत होतं. पोरगी घरात जगेल पण कोमेजेल, बाहेर फुलेल पण एखाद्या तुकड्यानं जाईल, या दोहोंत तिचं सगळं अडकलं होतं. त्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला.

त्याच साली गावच्या जत्रेत मनीचा हात सुटला. गर्दीत आम्ही तिला शोधतोय, तर ती जिलबीच्या दुकानासमोर उभी. दुकानदारानं कौतुकानं गरम जिलबीचं वेटोळं तिच्यापुढे धरलेलं. वहिनी धावली, पण मधे माणसंच माणसं. तेवढ्यात कुठून तरी ठकूआजीची काठी आली आणि दुकानदाराच्या मनगटावर बसली. "हात मागं घे! जन्माचा उपास हाय त्या लेकराला. पाप कुठं फेडशील?" दुकानदारानं जिलबी परत परातीत टाकली, दोन्ही कान धरले आणि पोरीपुढे वाकून म्हणाला, "चुकलं ताई, ठावं न्हवतं." भोवतालची माणसं दोन पावलं मागे सरली. आपल्या हातातली जिलबी कुणी पाठीमागे लपवली. वहिनी जिथे होती तिथेच उभी राहिली. परतताना तिनं मनीचा हात सोडला नाही. दारात आल्यावर म्हणाली, "भावजी, इतकी वर्सं मी टावेल दावला."

जूनमध्ये ती मनीचा हात धरून शाळेत गेली, मी सोबत होतो. गुरुजींनी विचारलं, "बाकीच्या पोरांना, त्यांच्या आयांना काय सांगायचं? आजाराचं सांगून कुणाच्या ध्यानात राहत नाही." वहिनीनं पिशवीतून टॉवेल अर्धा बाहेर काढला आणि परत आत सारला. मग म्हणाली, "उपास हाय म्हणा." आयुष्यात खोटं न बोललेल्या बाईच्या तोंडून ते शब्द निघाले तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मनीच बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, पण हे खोटंय." वहिनी म्हणाली, "खात न्हाईस ना? मग उपासच की." आणि खरोखर, पुढे सगळी शाळा झाली, पंधरा ऑगस्टचे लाडू आले नि गेले, पण मनीच्या हातावर कुणी कण ठेवला नाही. चांगली पोरं होती, त्यांना पापाची भीती होती.

मनी बारावी झाली आणि शिकायला पुण्याला गेली. तिथल्या वसतिगृहात पापाला कोण भितो? जाताना तिनं ट्रंकेत सगळ्यांत वर टर्किश टॉवेल आणि झिजलेलं फडकं ठेवलेलं मी पाहिलं. खानावळीच्या बाईंना ती तेच दाखवणार होती. वहिनीनं ते बघितलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ठकूआजी काठी टेकत आली. आता तिला नीट दिसत नव्हतं. म्हणाली, "गेली का पोर? सुटला का तिचा उपास?" वहिनी म्हणाली, "न्हाई आजी. त्यो सुटायचा न्हाई." आजी म्हणाली, "मी बी बेस्तरवार धरलाय, ती पयलीतनं घरी बसली तवापास्नं. देवाला म्हनलं, लेकराचा थोडा माज्याकडं दे." वहिनी आजीशेजारी ओट्यावर बसली. त्या दिवशी तिनं टॉवेल काढला नाही, आणि टॉवेल घरात नव्हता म्हणून नव्हे.

आता दर गुरुवारी वहिनीच्या चुलीवर वाळू तापते. आजीच्या उपासाला अंडं चालत नाही, म्हणून बिनअंड्याचा केक फुगवायला वहिनीनं कित्येक महिने खटपट केली, आणि ट्रॉलीच्या चाकाखाली ठेवण्याजोगे कित्येक दादाला खायला घातले. पाढे म्हणायला घरात कुणी नाही, बंडूही कामाला लागला. वहिनी एकटीच चुलीपुढे पुटपुटत म्हणते. परवा तिनं डबा माझ्या हातात दिला तेव्हा केकाची कड काळी झाली होती. आजीच्या पडवीत बसून मी ती कड काढायला लागलो, तशी आजीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मनी सतरावर अडली आसंल."