कळवतो म्हणाले होते

राजुऱ्याहून बल्लारपूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छताची एक लांबट इमारत लागते. खाणीतून निघालेल्या कोळशाचे नमुने तिथे दळतात, जाळतात आणि मागे किती राख उरली ते मोजतात. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, त्याच उन्हाळ्यात त्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा निघाली. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं म्हणून अर्ज केला. बोलावणं आलं तेव्हा घरात जरा गडबडच उडाली, कारण आमच्या घरातल्या कुणाला समोर खुर्चीत बसवून प्रश्न विचारले जाणार, असं तोवर कधी झालं नव्हतं.

मुलाखत घ्यायला एकच साहेब होते. पन्नाशीचे, चष्मा लावणारे, बोलणं पुण्याकडचं. नमुना भट्टीत ठेवण्याआधी काय करायचं, ओलावा कसा काढायचा, राखेचं प्रमाण कसं धरायचं, असं त्यांनी विचारलं. मला सगळं आलं. मग घरचं विचारलं. वडील मासेमारी करतात, वर्धा नदीत आणि गावच्या तलावात जाळं टाकतात, आठवडी बाजारात विकायला बसतात, असं मी सांगितलं. साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते म्हणाले, मग मी बहुतेक तुमच्या वडिलांकडूनच मासे घेतो, मरळ असते ना त्यांच्याकडे? असते, मी म्हटलं. माझे कागद परत देताना ते म्हणाले, "तयारी चांगली आहे तुमची. आठवडाभरात कळवतो."

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं, मरळीचंसुद्धा. बाबांनी लगेच ओळखलं. चष्म्याचे, स्कूटरवर येणारे, भाव न करणारे. "तो मानूस लय सज्जन हाय," बाबा म्हणाले. "मरळ नसली तर दुसरी मासोळी घेत नाई, पन थांबून दोन शब्द बोलूनच जाते." त्या दिवशी आम्हा तिघांनाही वाटलं की नोकरी जवळजवळ लागलीच. आईने तर रोज सकाळी बस किती वाजता असते याची चौकशीही करून ठेवली.

आठवडा गेला. दुसराही गेला. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. अर्ज केल्यावर पाठपुरावा कसा करावा, यावर बोलणारी पुष्कळ माणसं तिथे आहेत. कुणी म्हणे मुलाखतीनंतर लगेच आभाराचा मेल टाका, कुणी म्हणे आठवड्यातून एकदा फोन करा, कुणी म्हणे आवाजात गरज दिसू देऊ नका. मी मेल टाकला. त्यातलं इंग्रजी कॉलेजातल्या सरांकडून तपासून घेतलं होतं. उत्तर आलं नाही. मग फोन केला. साहेबांनी उचलला, माझं नाव त्यांच्या लक्षात होतं. फाइल वर गेली आहे, मंजुरी आली की कळवतो, असं म्हणाले. मला बरं वाटलं. वर म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

फोन किती वेळा करायचा यावरून घरात दोन बाजू पडल्या. आईचं म्हणणं, माणसाला सारखं टोचलं की तो चिडतो आणि होणारं कामही बिघडतं. बाबांचं उलट होतं. ते म्हणायचे, "आपुन विचारलंच नाई तर त्याले वाटन, हिले गरज नाई. मंग तो दुसऱ्याले देऊन टाकन." दोघांचंही मला पटायचं. म्हणून मी मधला मार्ग काढला, दर सोमवारी एक फोन. काय बोलायचं ते मी सकाळपासून मनात म्हणून घ्यायची. साहेब दर वेळी तेच सांगायचे, फक्त वाक्य थोडं लहान व्हायचं. शेवटी शेवटी मी नमस्कार म्हटलं की ते "अजून नाही" एवढंच म्हणत.

याच सुमारास बाबांनी आपल्या परीने सुरुवात केली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मरळ थोड्याशा पाण्यातही बराच वेळ जिवंत राहते. बाबा बाजाराच्या आदल्या दिवशी सापडलेल्यांतली सगळ्यात मोठी मरळ वेगळ्या घमेल्यात पाणी घालून ठेवायचे आणि वर ओलं पोतं टाकायचे. दुसऱ्या कुणी मागितली तर सांगायचे, ती दिलेली हाय. साहेब आले की पोतं उचलायचे. मासा साफ करता करता, मान खाली घालूनच, हळू विचारायचे, साहेब, पोरीच्या कामाचं काही झालं का? सुरुवातीला साहेब म्हणायचे, होईल हो, काळजी करू नका. बाबा घरी येऊन मला फक्त तेवढंच सांगायचे, साहेब होईन म्हनते.

पावसाळा सरत आला तसा माझा फोन लागेनासा झाला. एकदा वाजायचा आणि तुटायचा. मला वाटलं रेंज नसेल, खाणीकडे रेंजचा त्रास असतोच. मी तलावाच्या पाळीवर चढून फोन केला, राजुऱ्यात बसस्थानकावर उभी राहून केला. तसंच. म्हणून मी स्वतः गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं. ऑफिसात एक बाई बसायच्या, बल्लारपूरच्या, माझ्या आईच्या वयाच्या. साहेब बाहेर गेलेत म्हणाल्या. मी बाकावर बसले. दुपारी साहेबांची स्कूटर तिथेच सावलीत उभी दिसली. मी त्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मी आणखी थोडा वेळ बसले आणि उठून आले. पुन्हा दोनदा गेले, तेव्हा पहारेकऱ्यानेच फाटकावर सांगितलं की साहेब नाहीत.

फोनचं काय झालं होतं ते एका संध्याकाळी कळलं. माझ्या फोनचा रिचार्ज संपला होता म्हणून मी बाबांच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला साहेबांनी उचलला. "हॅलो, बोला." आवाज तोच, मुलाखतीतला, मोकळा. मी नाव सांगितलं.

"हा कुणाचा नंबर आहे?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचा, सर."

"मी कळवतो म्हणालो होतो ना?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी उत्तर मिळाल्यासारखं झालं असतं. बाबा समोर जाळ्याची सुटलेली गाठ बांधत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, कळवतो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जाळ्यात बोटं घातली.

त्यानंतरच्या एका बाजाराला आईला ताप होता, म्हणून बाबांसोबत मी बसायला गेले. आमची जागा ओळीच्या तोंडाशी आहे, येणाऱ्या जाणाऱ्याला पहिली आम्हीच दिसतो. पोत्याखालचं घमेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत मरळ होती, काळपट, जाड, मधूनच अंग वळवायची तेव्हा पाणी बाहेर उडायचं. एका माणसाने ती मागितली आणि चांगला भावही सांगितला. बाबा नाही म्हणाले. मी विचारलं, ही कुणासाठी? तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं, जरा लाजतच, जसं काही माझ्या अभ्यासाच्या गोष्टीत त्यांनी न विचारता हात घातला होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा साहेब आले. मी त्यांना लांबूनच ओळखलं. हातात नायलॉनची पिशवी होती. बाबांनीही पाहिलं आणि पोत्याचा कोपरा धरला. साहेब आमच्या ओळीत शिरलेच नाहीत. भाजीवाल्यांच्या मागून वळसा घालून ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथे एक म्हातारी बाई बसते, तिच्यापाशी वाकले. तिच्याकडे मरळ नव्हती. त्यांनी रोहू घेतला. आणि आल्या वाटेनेच, भाजीच्या मागून, परत गेले.

बाबांनी पोत्याचा कोपरा सोडून दिला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "असाच जाते आता. पोळ्यापासून."

"मंग तुमी मरळ काऊन ठेवता, बाबा?"

त्यांनी एका गिऱ्हाइकाला चिंगूर म्हणजे बारीक झिंगे मोजून दिले, हात धुतले. मग म्हणाले, "एखाद्या बाजाराले इकडून आला, अन् नसली तर?"

मला तिथे रडू आलं नाही. बाजारात रडता येत नाही. मला फक्त त्या माणसाचं वळसा घालून जाणं दिसत राहिलं. मरळ सोडून दुसरा मासा न घेणारा माणूस रोहू घेऊन गेला होता. आम्हाला टाळायला त्याने एवढं केलं, आणि बाबांच्या हातून कित्येक वर्षांचं एक गिऱ्हाईक गेलं, ते माझ्या फोनांमुळे की त्यांच्या विचारण्यामुळे, ते आता कोण सांगणार? बाजार उठताना बाबांनी ती मरळ एका खानावळवाल्याला पडेल त्या भावात दिली.

दिवाळी झाल्यावर मी शेवटचं जायचं ठरवलं. नोकरी मागायला नव्हे. मला फक्त 'नाही' हा शब्द ऐकायचा होता. तो मिळाला की आई-बाबांना सांगता येईल आणि सोमवार पुन्हा साधा सोमवार होईल, एवढाच माझा हिशोब होता. पहारेकरी तेव्हा चहाला गेला होता, म्हणून मी थेट ऑफिसात पोचले. बाई एकट्याच होत्या. त्यांच्या मागे काचेतून आतली खोली दिसत होती. तिथे पांढरा कोट घातलेली एक मुलगी तराजूसमोर उभी होती, माझ्याच वयाची.

बाईंनीच मला बाहेर व्हरांड्यात आणलं. "ते जागा भरली, बाई," त्या म्हणाल्या. "तुमची मुलाखत झाली ना, त्याच महिन्यात."

त्या महिन्यात तर मी पहिला फोन केला होता. म्हणजे फाइल वर गेली आहे असं ते सांगत होते तेव्हा ती मुलगी आत कोट घालत होती. मी विचारलं, ती कुणाच्या ओळखीची आहे का? बाई म्हणाल्या, नाही, ओळख नाही, वशिला नाही. बल्लारपूरची आहे, कागद देऊन गेली, नंतर एकदाही विचारायला आली नाही. साहेबांनीच तिला फोन करून बोलावलं.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?" मी म्हटलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण बाईंनी आत वळून पाहिलं.

"त्याहिले नाई म्हनता येत नाई कोनाले," त्या म्हणाल्या. "तुमचे बाबा त्याहिच्या ओळखीचे. कसं सांगू, कसं सांगू करत राहून गेलं. मंग लय दिवस झाले, आता तर अजूनच सांगता येईना." त्यांनी मला पाणी दिलं. फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, मुलाखतीत तुम्ही हुशार वाटल्या, असं साहेब बोलले होते. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

बसमध्ये मी विचार करत होते की बाबांना काय सांगायचं. ओळखीने घेतलं असतं तर सांगणं सोपं होतं, आपल्याकडे ते सगळ्यांना समजतं. बाबांच्या सज्जन गिऱ्हाइकाला त्यांचं तोंड पाहून नाही म्हणता आलं नाही, म्हणून त्याने त्यांना सबंध पावसाळा विचारायला लावलं, हे मी कसं सांगणार होते? शेवटी बाईंनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आई चुलीपाशी होती. बाबांनी विचारलं, "ते पोरगी कायमची हाय, का कराराची?" मी म्हटलं माहीत नाही. ते म्हणाले, "कराराची असन तर वरसानं जागा खाली होईन." आणि हात धुवायला उठले.

आता मी राजुऱ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये हंगामापुरती कापसाच्या गाड्यांची नोंद करते. हंगाम संपला की घरी. मधल्या काळात चंद्रपुरात, गडचिरोलीत, एकदा नागपूरलाही अर्ज केले. काही ठिकाणी नेमाने फोन केले, काही ठिकाणी त्या बल्लारपूरच्या मुलीसारखी गप्प बसून पाहिलं. कुठूनच काही आलं नाही. साहेबांची बदली झाली असं कुणीतरी म्हणालं, नक्की माहीत नाही. ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या म्हातारीला विचारलं तर कळेल, पण मी विचारलेलं नाही.

परवा बाबांनी जेवताना विचारलं, नागपूरवाल्याले फोन केला का? मी म्हटलं, केला. "काय म्हनते?" त्यांनी विचारलं. मी फोन केलेला नव्हता. मी म्हटलं, बघतो म्हणाले. बाबांनी भाताचा घास घेतला आणि आईला म्हणाले, सोमवारी पुन्हा कर म्हणावं हिला. मी शेजारीच बसले होते, तरी ते आईलाच म्हणाले.